चांदीची डाळिंबे

जळगावच्या सराफ बाजारात जुने रुप्याचे भांडे मोडीस नेले, की सराफ प्रथम त्याचा कस पाहतो, मग ते काट्यावर ठेवतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्या भावात घडणावळ धरलेली नसते. ज्या कारागिराने ते ठोकून, कोरून, उजळून घडविले त्याची मजुरी गेली. ज्या कुणी आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ त्यावर अक्षरे कोरून घेतली त्याची अक्षरेही गेली. उरते ते वजन. यात सराफाला दोष देता येणार नाही, कारण त्याचा धंदाच वजनाचा आहे. परंतु धर्मविधीत वापरलेल्या भांड्यांचा विचार करू लागलो, की वजनाचा हिशेब अपुरा पडतो. पिंप्राळ्यापासून हा बाजार फार दूर नाही. घरातील जुन्या रुप्याचे काय करावे, असे विचारावयास धर्मग्रामातील कुटुंबे अधूनमधून आमच्याकडे येतात. अशा वेळी आम्हांला एका निराळ्याच समाजाच्या रुप्याची आठवण होते. तो समाज म्हणजे यहुदी समाज, आणि त्यातही आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल.

हा विषय आपल्या वाचकांना परका वाटू नये. मिस्साबलिदानात आपण जो चषक उचलतो, तो वल्हांडणाच्या मेजावरून आपल्याकडे आला, आणि ते मेज यहुद्यांचे होते. भाकर व द्राक्षारस अर्पण करताना धर्मगुरू विश्वाच्या प्रभूला धन्यवाद देणाऱ्या ज्या प्रार्थना म्हणतो, त्यांची घडण यहुदी कुटुंबात जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या आशीर्वचनांची आहे. शुक्रवारी सूर्यास्त झाला की यहुदी घरात दिवे लागलेले असतात, कुटुंबप्रमुख द्राक्षारसाने भरलेला चषक हाती घेतो आणि शब्बाथ दिवस पवित्र असल्याचे उच्चारतो. या विधीला 'किद्दुश', म्हणजे पवित्रीकरण, असे नाव आहे. चषक रुप्याचाच असावा असा दंडक नाही; काचेचा पेलाही चालतो. पण निर्गमाच्या पुस्तकात, तांबडा समुद्र ओलांडल्यावर इस्राएल लोकांनी गाइलेल्या गीतात, देवाची थोरवी वर्णन करण्याविषयी जे शब्द आहेत त्यांचा अर्थ रब्बींनी असा लावला, की देवाची आज्ञा नुसती पाळू नये, ती सुंदर करून पाळावी. एवढ्या एका अर्थावरून दोन हजार वर्षांची सोनारकी उभी राहिली आहे.

या सोनारकीतील सर्वांत मानाच्या वस्तू सभास्थानात असतात. मोशेच्या पाच पुस्तकांना यहुदी लोक 'तोरा' म्हणतात. (मराठीत तोरा म्हणजे दिमाख. वाचकांनी गल्लत करू नये, जरी या ग्रंथाचा दिमाख काही कमी नसतो.) हा ग्रंथ हाताने चर्मपत्रावर लिहिलेला असतो आणि दोन दांड्यांवर गुंडाळलेला असतो. युरोपातील यहुदी त्यावर मखमलीचे आवरण घालतात व वरून रुप्याचा उरपट लटकवितात. बगदाद, इराण, येमेन या बाजूचे आणि आपल्या भारतातील यहुदी मात्र ती गुंडाळी लाकडाच्या उभ्या, दंडगोलाकार पेटीत ठेवतात. या पेटीला 'तिक' म्हणतात. श्रीमंत मंडळींत ती सगळी रुप्याच्या पत्र्याने मढविलेली असते. ती मेजावर उभी करतात, पुस्तकासारखी उघडतात आणि गुंडाळी बाहेर न काढता तशीच उभ्याने वाचतात. चर्मपत्राला उघड्या हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून वाचणाऱ्याच्या हाती रुप्याची एक कांडी असते. तिच्या टोकाला इवलासा हात असून त्याची तर्जनी पुढे केलेली असते. हिब्रू भाषेत तिला 'याद', म्हणजे नुसते हात, असेच म्हणतात.

पेटीच्या किंवा दांड्यांच्या शिरावर रुप्याची दोन शिरोभूषणे बसवितात. त्यांचे नाव 'रिम्मोनीम', म्हणजे डाळिंबे. त्यांना लहान लहान घुंगरे लावलेली असतात. निर्गमाच्या २८ व्या अध्यायात अहरोनाच्या झग्याचे वर्णन आहे. त्या झग्याच्या घेराला एक सोन्याचे घुंगरू, एक डाळिंब, पुन्हा एक घुंगरू, एक डाळिंब असे लावावयास सांगितले आहे, आणि पवित्रस्थानात जाता-येता त्यांचा नाद ऐकू यावा असेही म्हटले आहे. येरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पडले. प्रमुख याजक नाहीसा झाला, त्याचा झगाही नाहीसा झाला. पण ती डाळिंबे व ती घुंगरे ग्रंथाच्या अंगावर आली. आता याजकाऐवजी ग्रंथ चालतो. वर्षाचे वाचन पुरे होऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते त्या दिवशी, सिम्हाथ तोराच्या सणाला, सगळ्या गुंडाळ्या बाहेर काढून सभास्थानात सात प्रदक्षिणा घालतात. घुंगरे वाजत असतात, लहान मुले पुढे असतात, प्रत्येकाची धडपड हात लावण्याची असते. आमच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो, त्या दिवशीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा उत्साह समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ही डाळिंबे घडविली कुणी? येमेनमध्ये यहुदी स्वतःच नामांकित सोनार होते. १९४९-५० साली ते इस्राएलला निघून गेले तेव्हा त्या देशातील रुप्याच्या कामाचे मोठे नुकसान झाले. परंतु जर्मनीसारख्या देशांत कारागिरांच्या संघांत यहुद्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे फ्रँकफुर्टच्या यहुदी गल्लीतील कुटुंबांसाठी हनुक्काचे दिवे घडविले ते योहान व्हालेंटिन श्यूलर, येरेमियास झोबेल अशा ख्रिस्ती सोनारांनी. एकाच भट्टीत आज चर्चचा चषक, उद्या सभास्थानाची डाळिंबे. गिऱ्हाईक हिब्रू अक्षरे कागदावर लिहून देई आणि सोनार ती न वाचता कोरी. इतका निकटचा संबंध, आणि तरीही दोन्ही समाजांमध्ये भिंत.

त्या भिंतीचा एक पुरावा आमच्याच धर्मबंधूंच्या कोठारात आहे. आज जगात टिकून असलेली सर्वांत जुनी रिम्मोनीम जोडी पंधराव्या शतकातील आहे. सिसिली बेटावरील कम्माराता गावच्या यहुद्यांची ती होती. आकार डाळिंबाचा नसून मनोऱ्याचा आहे. ती आहे कोठे? स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्माच्या कॅथीड्रलच्या खजिन्यात. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना हद्दपार करण्याचे फर्मान काढले. सिसिली तेव्हा अरागॉनच्या सत्तेखाली असल्याने तेथेही ते लागू झाले. जाणाऱ्यांनी सोने, रुपे व नाणी बरोबर नेऊ नयेत, असे त्या फर्मानात स्पष्ट होते. मनुष्यांनी जावे, रुपे राहावे. पाल्मात ही यहुदी शिरोभूषणे पुढे ख्रिस्ती मिरवणुकीतील दंडांवर बसविली गेली. ती वितळविली गेली नाहीत म्हणून आज आहेत, याबद्दल समाधान मानावे की ज्या कारणाने ती तेथे आली त्याबद्दल मान खाली घालावी? आम्हांला वाटते, दोन्ही करावे, पण दुसरे आधी करावे.

ही हकीकत दूर स्पेनची म्हणून सोडून देण्याजोगी नाही. त्याच फर्मानाच्या तडाख्यातून सुटण्यासाठी बाप्तिस्मा घेतलेल्या यहुदी घराण्यांतील काही माणसे पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर आली. गोव्याचे प्रख्यात वैद्य गार्सिया द ओर्ता त्यांपैकीच. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे खंडाने होते, आणि भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. गोव्यात धर्मन्यायासन १५६० साली सुरू झाले. ओर्ता १५६८ साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिना हिला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द ओर्तांची हाडे उकरून जाळण्यात आली. शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवे लागणे, शनिवारी स्वच्छ कपडे घालणे, या त्या काळी गुन्ह्याच्या खुणा मानल्या जात. ज्या घरात शब्बाथचा दिवा लपवावा लागतो, त्या घरात नाव कोरलेला रुप्याचा चषक कोण ठेवील? गोव्यातील त्या घराण्यांचे विधींचे रुपे शोधावयास जाणाऱ्याला म्हणून न्यायासनाचे निवाडेच तेवढे सापडतात.

आणि याच काळात, गोव्याच्या उत्तरेस फार लांब नव्हे, कुलाब्याच्या किनाऱ्यावर एक यहुदी समाज राहत होता. त्याला लपण्याची गरज नव्हती, कारण आपण यहुदी म्हणून ओळखले जातो हे त्याचे त्यालाच पुरते ठाऊक नव्हते.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या समुद्रात फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगावलाच मूठमाती मिळाली. जे काही ग्रंथ बरोबर असतील ते समुद्राने घेतले. वाचलेल्यांचे वंशज कोकणातील गावोगाव पसरले. गावांवरून त्यांची आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, झिराडकर, अष्टमकर. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. हिब्रू भाषा विसरली, प्रार्थना विसरल्या. राहिली ती सुंता, शनिवारचा विसावा, माशांपैकी खवले व पंख असलेलेच खाण्याचा नियम, आणि 'शमा इस्राएल' हे एक वचन. जन्म असो, लग्न असो की मरण असो, हे एकच वचन ते म्हणत. दावीद राहबी नावाचा कोणी परदेशी यहुदी आला आणि या खुणांवरून त्याने आपले भाऊबंद ओळखले, अशीही परंपरा आहे.

वाचकांनी येथे जरा थांबावे. या समाजाजवळ तोराची एकही गुंडाळी नव्हती. गुंडाळी नाही म्हणून पेटी नाही, पेटी नाही म्हणून डाळिंबे नाहीत, याद नाही. सभास्थानच नव्हते. म्हणजे ज्या वस्तूंवरून संग्रहालये यहुदी समाज ओळखतात त्यांपैकी एकही नसताना हे लोक शतकानुशतके यहुदी राहिले. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे पाहावीत. नववर्षाचा 'नव्याचा सण', खिरीचा नैवेद्य होई तो 'खिरीचा सण', प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसत म्हणून 'दरफाळणीचा सण', बिरड्याचे कालवण असे तो 'बिरड्याचा सण'. आणि वल्हांडणाचे नाव काय? 'अनाशीढाकाचा सण'. आंबट कालवणाचे जे भांडे घरात असे ते या आठ दिवसांत झाकून ठेवावयाचे, म्हणून हे नाव. मिसर देशातून सुटका, लाल समुद्र, फारोचे रथ, सगळे विस्मरणात गेले होते. आंबलेले काही घरात वापरावयाचे नाही ही आज्ञा मात्र कालवणाच्या एका भांड्याच्या झाकणाखाली सुरक्षित राहिली. आम्ही अनेक कॅथीड्रलांचे खजिने पाहिलेल्यांची वर्णने वाचली आहेत. त्यांतील कोणत्याही रत्नखचित पात्राने याहून मोठे काम केले असेल असे आम्हांला वाटत नाही.

आणखी एक पात्र सांगावयास हवे, ते म्हणजे मलिद्याचे ताट. भिजविलेले पोहे, त्यात गूळ, ओले खोबरे, वेलची. सोबत खजूर व फळे. हे ताट मांडून एलीया संदेष्ट्याचे स्मरण करावयाचे. लग्नाच्या आधी, नवस फेडताना, नव्या घरात जाताना, गंडांतर टळल्यावर मलिदा होतोच. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर एलीयाच्या रथाची व घोड्याच्या टापेची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. जगातील इतर यहुदी हा विधी या रूपात करीत नाहीत. ते कोकणातील पोह्याखोबऱ्याचेच रूप आहे. आणि द्राक्षारस मिळत नसे तेथे काळ्या मनुका भिजवून, कुस्करून काढलेल्या सरबतावर किद्दुश म्हटला जाई. आजही म्हटला जातो.

रुपे आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर. सामुएल इझिकेल दिवेकर, ज्यांना मराठी वळणाने सामाजी हसाजी दिवेकर म्हणत, हे कंपनी सरकारच्या पलटणीतील अधिकारी होते. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. हे बेने इस्राएल आहेत असे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली करून त्यांचा जीव वाचविला, अशी कथा त्यांच्यात सांगतात. सुटल्यास सभास्थान बांधीन, असा त्यांचा नवस होता. १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात तो फेडला. 'शआर हरहमीम', म्हणजे दयेचे द्वार, असे त्या सभास्थानाचे नाव. त्या रस्त्याला पुढे सामुएल स्ट्रीट म्हणू लागले. बेने इस्राएल आपल्या सभास्थानाला मशीद म्हणत. जवळच्या मस्जिद बंदर स्थानकाचे नाव या मशिदीवरून पडले असे सांगतात. इमारत झाली, पण आत वाचावयास गुंडाळी हवी. ती मिळविण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ साली तेथेच मरण पावले.

पुढील कार्य इतरांनी केले. १८२६ पासून कोचीनचे यहुदी शिक्षक मुंबईत येऊ लागले. १८३६ मध्ये आलेल्या श्लोमो सालेम शुराबी यांनी वीस वर्षे या समाजाला प्रार्थना शिकविल्या. ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही येथे हात आहे. अमेरिकन मिशनने शाळा काढल्या, आणि स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. हेतू अर्थातच त्यांना ख्रिस्ती करण्याचा होता. फळ निराळे आले: बेने इस्राएल मराठी बायबल वाचून अधिक पक्के यहुदी झाले. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री म्हणावयाची पोथी मुंबईत हिब्रू व मराठीत शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्याहून तिची सचित्र आवृत्ती निघाली. अनाशीच्या झाकणाखाली राहिलेल्या सणाला आता त्याची कथा परत मिळाली.

मग कोकणात सभास्थाने उभी राहिली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. बोर्ली, म्हसळा, नांदगाव अशा लहान गावांतही ती झाली. जेथे दहा प्रौढ पुरुष जमतील तेथेच तोराचे सार्वजनिक वाचन होऊ शकते, असा यहुदी नियम आहे. त्यामुळे सभास्थानाची प्रत्येक तारीख म्हणजे त्या गावात दहा घाणेवाले, शिपाई, कारकून, सुतार दर शनिवारी जमत होते याची नोंद होय. यांच्यापैकी बहुतेक माणसे मध्यम परिस्थितीची. पलटणीच्या पगारातून, रेल्वेच्या नोकरीतून शिल्लक टाकून कुणी पेटी दिली, कुणी पडदा, कुणी छतातून लोंबणारी काचेची दिवाणी. बगदादी यहुद्यांची गोष्ट निराळी. डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईत आले, व्यापारात अगणित संपत्ती मिळविली, भायखळ्यास १८६१ साली आणि पुण्यास १८६७ साली पुरी झालेली भव्य सभास्थाने बांधली. पुण्याच्या 'लाल देवळा'च्या आवारातच त्यांची कबर आहे. त्यांच्या घराण्याला रुप्याची काय कमतरता! पण तोरासमोर उभे राहताना ससूनांची रुप्याची पेटी आणि घाणेवाल्याची लाकडी पेटी यांत फरक करावा असे शास्त्र सांगत नाही. उलट निर्गमाच्या ३० व्या अध्यायात शिरगणतीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल रुपे द्यावे, श्रीमंताने अधिक देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये, अशी आज्ञा आहे. ६,०३,५५० पुरुषांचे ते रुपे जमले, त्यातील शंभर किक्कार ओतून निवासमंडपाच्या शंभर बैठका केल्या. म्हणजे देवाचा तंबू ज्यावर उभा होता ते रुपे मुळात माणसांची मोजदाद होती.

येथे एक कठीण प्रश्न येतो. असे रुपे कधी वितळवावे काय? यहुदी शास्त्राने याचा बारकाईने विचार केला आहे. किद्दुशचा चषक, हनुक्काचा दिवा यांना आज्ञेची साधने म्हटले आहे. आज्ञा पाळून झाली की त्यांत पावित्र्य उरत नाही. तोराची पेटी, डाळिंबे ही मात्र पावित्र्याची साधने; ती टाकून देता येत नाहीत. मिश्नेत एक चढती पायरी दिली आहे: सभास्थान विकले तर त्या पैशाने तोराची पेटी घ्यावी, पेटी विकली तर ग्रंथाची आवरणे, आवरणे विकली तर ग्रंथ, ग्रंथ विकले तर तोरा. खाली उतरावयाचे नाही. मात्र बंदीत पडलेल्या माणसाला सोडविण्यासाठी मोबदला द्यावयाचा असेल तर सभास्थान बांधण्यासाठी जमविलेले द्रव्यदेखील खर्च करावे, असे त्यांचे आचार्य म्हणतात.

आपल्याकडेही हेच घडले आहे. इ. स. ३७८ मधील आद्रियानोपलच्या पराभवानंतर गॉथ लोकांनी हजारो माणसे पकडून नेली, तेव्हा मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी चर्चची पवित्र पात्रे मोडून, वितळवून बंदिवानांची सुटका केली. टीका झाली. आत्मे राखणे हे सोने राखण्यापेक्षा श्रेयस्कर, अशा आशयाचे उत्तर त्यांनी आपल्या ग्रंथात दिले आहे. त्यामुळे मोडणे हेच पाप, असे आम्ही कुणालाही सांगत नाही. कशासाठी मोडले, हा प्रश्न आहे. माणसासाठी मोडलेले पात्र आणि माणसे घालवून हस्तगत केलेले पात्र यांचे वजन काट्यावर सारखेच भरेल.

दुसऱ्या प्रकारची उदाहरणे इतिहासात फार आहेत. रोममध्ये तीताच्या कमानीवर मंदिराचा दीपवृक्ष व रुप्याचे कर्णे खांद्यावर घेऊन चाललेले सैनिक आजही दिसतात. आणि अगदी अलीकडे, १९४२ पासून, नात्सी अंमलाखालील प्राग शहरात बोहेमिया व मोराविया प्रांतांतील सभास्थानांचे सामान एका यहुदी संग्रहालयात गोळा करण्यात आले. डाळिंबे, मुकुट, उरपट, चषक, हजारोंनी. त्यांची नोंद करावयास यहुदी विद्वानच बसविले होते. त्यांनी प्रत्येक वस्तूचे गाव, देणाऱ्याचे नाव, वर्ष नेटकेपणाने टिपून ठेवले. ज्या गावांची नावे ते लिहीत होते तेथील माणसे छळछावण्यांकडे पाठविली जात होती, आणि लिहिणाऱ्यांपैकीही बहुतेकांची पाळी पुढे आली. रुपे जवळजवळ सगळे राहिले. याच्या उलट चित्र एज्राच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात आहे. कोरेश राजाने मंदिराची लुटलेली पात्रे मिथ्रदाथ खजिनदाराकरवी मोजून परत दिली. एकंदर ५,४००. ती पात्रे माणसांबरोबर परत गेली, हे त्यातील महत्त्वाचे.

संग्रह करण्याची हौसही एकोणिसाव्या शतकापासूनची. पॅरिसचे संगीतकार इझाक स्ट्रॉस यांनी आपला यहुदी विधिवस्तूंचा संग्रह १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात मांडला, तेव्हा या वस्तूंकडे कला म्हणून पाहता येते हे लोकांना प्रथम उमगले. लंडनच्या १८८७ च्या प्रदर्शनात डेव्हिड ससूनांचे चिरंजीव रूबेन यांचा संग्रह होता. मुंबईच्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या या घराण्याच्या संग्रहातील वस्तूंचा डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावगृहात लिलाव झाला. तेथे जुन्या रुप्याला मोडीचा नव्हे, घडणीचा आणि अक्षरांचा भाव येतो. हे सराफाच्या काट्यापेक्षा बरे. पण शनिवारी सकाळी ती घुंगरे वाजत नाहीत, एवढे खरे.

बेने इस्राएलांना कुणी हाकलले नाही. भारतात त्यांचा धर्मामुळे छळ झाला नाही, हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि ते आपणहून जाऊ लागले. तेथे आरंभी त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. लढा द्यावा लागला, आणि १९६४ साली ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य झाले. ज्यांनी अनाशीचे झाकण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांना ग्रंथ व रुपे असलेल्या भावांनी पुरावा मागावा, याला काय म्हणावे! आज अश्दोद, लोद, रामला, दिमोना येथे त्यांची वस्ती आहे, तेथे मलिदा होतो. इकडे स्वातंत्र्यानंतर भारतात पंचवीस हजारांच्या आसपास यहुदी होते. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या थोडे वर उरले, त्यांत निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

कराचीतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांची हकीकत याहून उदास आहे. उमर्डेकर घराण्याच्या पुढाकाराने १८९३ साली तेथे 'मागेन शालोम' सभास्थान बांधले गेले. फाळणीनंतर माणसे निघून गेली, काही मुंबईस आली, काही इस्राएलला. १९८८ साली ती इमारत पाडण्यात आली व जागेवर व्यापारी संकुल झाले.

कोकणात तसे झाले नाही. अलिबागचे सभास्थान १९१० मध्ये नव्याने बांधलेल्या रूपात उभे आहे, त्या बाजूच्या भागाला इस्राएल आळी म्हणतात. आमच्या भुसावळ-जळगावहून मुंबईकडे जाणारी आगगाडी ज्या ठाण्यावरून जाते, तेथील १८७९ चे 'शआर हशामायीम', म्हणजे स्वर्गद्वार, अजून नांदते आहे, कारण मुंबई सोडून पुष्कळ कुटुंबे तिकडे राहावयास गेली. लहान गावांत मात्र आता दहा पुरुष जमत नाहीत. सणावाराला मुंबई-ठाण्याहून मंडळी गाडी करून येतात, कुलूप काढतात, दिवे लावतात, पडदा बाजूला करून पेटीतील गुंडाळी बाहेर काढतात. वाचन झाल्यावर डाळिंबे पुन्हा तिच्या शिरावर बसवितात, ती आत ठेवतात, आणि तिन्हीसांजेच्या आत परतीच्या वाटेला लागतात.